कागदावरचा किनारा आणि पायाखालची वाळू

१/ १९२७ सालच्या मे महिन्याची अखेर. लॉस एंजेलिसच्या नैऋत्येस, पॅसिफिक महासागराच्या काठी, मॅनहॅटन बीच नावाचे छोटेसे शहर. एलिझाबेथ कॅटली ही १९ वर्षांची कृष्णवर्णीय महाविद्यालयीन तरुणी तेथे समुद्रात पोहली आणि बाहेर येताच पोलिसांनी तिला पकडले. ओल्या पोहण्याच्या पोशाखातच तिला कित्येक तास कोठडीत बसवून ठेवण्यात आले. तिचा गुन्हा एवढाच, की सुट्टीच्या दिवशी ती समुद्रात उतरली.

आजचा धागा या घटनेपासून सुरू होतो आणि वर्तमानापर्यंत येतो. प्रश्न साधा आहे. समुद्र सर्वांचा असे कायदा म्हणतो. मग तिथवर पोचतो कोण?

२/ प्रथम कायद्याची बाजू पाहू. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या सामाईक आहेत, असे तत्त्व सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी संकलित झालेल्या रोमन कायद्यात आढळते. इंग्लंडच्या कायद्यातून ते अमेरिकेत आले. तेथे त्याला सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व म्हणतात. अर्थ असा, की भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन सरकार जनतेच्या वतीने केवळ सांभाळते.

३/ कॅलिफोर्नियात ही सीमा म्हणजे सरासरी भरतीरेषा. तिच्या समुद्राकडची ओली वाळू जनतेची. तिच्या वरची कोरडी वाळू मात्र खासगी मालकीची असू शकते. १८७९ च्या राज्यघटनेने तर स्पष्टच सांगितले, की जनतेला पाण्यापर्यंत जाण्याची वाट कुणाही जमीनमालकाने अडवू नये.

म्हणजे कागद पहिल्यापासून जनतेच्या बाजूने होता. पण ओल्या वाळूवर उभे राहायचे तर कोरड्या वाळूवरून जावे लागते आणि ही वाट कुणाच्या ना कुणाच्या अंगणातून जाते. पुढचा सारा इतिहास या अंगणाचा आहे.

४/ कॅटलीला अटक झाली त्या किनाऱ्याची कथा पंधरा वर्षे आधी सुरू होते. १९१२ साली विला ब्रूस या कृष्णवर्णीय स्त्रीने मॅनहॅटन बीच येथे समुद्रासमोरचा एक भूखंड १,२२५ डॉलरना विकत घेतला. पती चार्ल्स यांच्यासह तिने तेथे उपाहारगृह, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि पुढे नृत्यगृह उभारले. इतरत्र मज्जाव असलेली कृष्णवर्णीय कुटुंबे लॉस एंजेलिसहून रविवारी येथे येऊ लागली. ‘ब्रूस यांचा किनारा’ हे नाव रूढ झाले. १९२० साली दांपत्याने शेजारचा भूखंडही घेतला.

५/ विरोध पहिल्या उन्हाळ्यातच सुरू झाला. ब्रूस यांच्या जागेसमोरची वाळूची पट्टी एका गोऱ्या जमीन-व्यावसायिकाच्या मालकीची होती. तिथे त्याने ‘प्रवेश बंद’च्या पाट्या लावल्या. पाणी तर डोळ्यांसमोर. पण तिथे जाण्यासाठी पाहुण्यांना सुमारे अर्धा मैल वळसा घ्यावा लागे. लोक वळसा घेऊन जात राहिले. पुढे मोटारींच्या चाकांतली हवा सोडणे, दहा मिनिटांहून अधिक गाडी उभी करू नये अशा खोट्या पाट्या लावणे, असे उपाय झाले. लोक तरीही येत राहिले.

६/ तेव्हा नगरपालिकेने कायद्याचेच हत्यार उपसले. १९२४ साली उद्यानासाठी जागा हवी असे कारण देऊन ब्रूस यांची जमीन सक्तीने संपादित करण्याचा ठराव झाला. आसपासच्या आणखी काही कृष्णवर्णीय कुटुंबांची घरेही त्यात गेली. ब्रूस दांपत्याने एकूण १,२०,००० डॉलरची मागणी केली. हाती पडले १४,५००. १९२७ मध्ये इमारती पाडल्या गेल्या. ज्या उद्यानासाठी हे सारे घडले, ते पुढे काही दशके झालेच नाही.

७/ एवढ्यावर भागले नाही. किनाऱ्याची पट्टी तर सार्वजनिक. मग कृष्णवर्णीयांना अडवायचे कसे? नगरपालिकेने ती पट्टी नाममात्र भाड्याने एका खासगी व्यक्तीच्या नावे केली. आता तेथे पाऊल टाकणे म्हणजे परक्याच्या जागेत घुसणे ठरले. कॅटलीची अटक या पार्श्वभूमीवर झाली.

त्याच उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संस्थेच्या स्थानिक शाखेने प्रतिकार केला. शाखेचे अध्यक्ष, दंतवैद्य डॉ. क्लॉड हडसन, सहकाऱ्यांसह मुद्दाम समुद्रात उतरले आणि त्यांनी अटक ओढवून घेतली. प्रकरण न्यायालयात गेले. गाजावाजा झाला. अखेर नगरपालिकेला तो भाडेकरार रद्द करावा लागला.

८/ मराठी वाचकाच्या मनात १९२७ हे साल उच्चारताच दुसरे एक पाणी उभे राहते. कॅटलीच्या अटकेच्या दोन महिने आधी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले.

तेथेही कागद आधीच तयार होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तीन वर्षे ते तळे कायद्याने खुले आणि व्यवहाराने बंद राहिले.

९/ हजारो लोक रांगेने चालत तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्यायले. तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले.

महाड आणि मॅनहॅटन बीच यांचा परस्पर संबंध नव्हता. एकीकडे पिण्याचे पाणी, दुसरीकडे पोहण्याचे. एकीकडे जात, दुसरीकडे वर्ण. तुलना येथेच थांबवावी. परंतु दोन्हीकडून मिळणारा धडा एक आहे: हक्क लिहिला जाणे आणि माणूस पाण्यापर्यंत पोचणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत.

१०/ आता त्याच किनाऱ्याने थोडे उत्तरेस जाऊ. सँटा मोनिका शहरात बे स्ट्रीटच्या टोकाशी वाळूचा एक तुकडा होता. कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे जमत, म्हणून गोऱ्यांनी त्याला ‘इंकवेल’, म्हणजे शाईची दौत, असे कुचेष्टेचे नाव ठेवले होते. निक गाबाल्डोन हा मुलगा या तुकड्यावर लाटांशी खेळायला शिकला. जन्म १९२७. आईवडिलांपैकी एक मेक्सिकन वंशाचे, एक कृष्णवर्णीय. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या राखीव दलात सेवा करून परतल्यावर त्याने सँटा मोनिकाच्या महाविद्यालयात नाव घातले.

११/ सर्फिंगसाठी, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्यासाठी, उत्तम लाटा मालिबू येथे होत्या. सँटा मोनिकापासून सुमारे १२ मैलांवर. निकजवळ मोटार नव्हती असे सांगतात. तो काय करी? फळीवर पालथा पडून, दोन्ही हातांनी पाणी मागे सारत, हे १२ मैलांचे अंतर समुद्रातूनच कापत असे. मालिबूला पोचल्यावर तो लाटा खेळण्यास मोकळा.

जून १९५१ मध्ये मोठ्या लाटांच्या दिवशी मालिबूच्या धक्क्याच्या खांबावर आदळून त्याचा मृत्यू झाला. वय २४. नोंद असलेला कॅलिफोर्नियाचा पहिला कृष्णवर्णीय सर्फर म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. २००८ साली सँटा मोनिकाने इंकवेलच्या जागी त्याचा उल्लेख असलेला स्मृतिफलक बसवला.

१२/ निकच्या काळी मालिबूला जाण्यास त्याला कुठला कायदा आडवा येत नव्हता. आडवे येत होते ते अंतर. ही गोष्ट लक्षात ठेवावी. कारण पुढच्या काळात भिंतीची जागा अंतराने घेतली. अर्थात भिंती एका दिवसात पडल्या नाहीत. त्या पाडण्यासाठी काय करावे लागले, हे पाहण्यास काही काळ कॅलिफोर्निया सोडून अमेरिकेच्या दक्षिण टोकाला जाऊ.

१३/ मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी येथे २६ मैल लांबीचा वाळूचा किनारा आहे. तो मानवनिर्मित असून त्यासाठी केंद्र सरकारचा, म्हणजे सर्व करदात्यांचा, पैसा वापरला गेला होता. तरी कृष्णवर्णीयांना तेथे बंदी. मे १९५९ मध्ये डॉ. गिल्बर्ट मेसन हे तेथील वैद्य मित्रमंडळी व मुलांसह पाण्यात उतरले. पोलिसाने त्यांना हाकलले. २४ एप्रिल १९६० रोजी सुमारे सव्वाशे जण पुन्हा उतरले, तेव्हा साखळ्या आणि दांडकी घेतलेल्या जमावाने त्यांना झोडपून काढले. न्यायालयातून तो किनारा सर्वांना खुला होण्यास १९६८ साल लागले.

१४/ दक्षिणेत बंदी उघड होती. उत्तरेत ती सभ्य पोशाखात वावरत असे. कनेक्टिकट राज्याचा किनारा २५३ मैलांचा; १९७० च्या सुमारास त्यातला सर्वसामान्य जनतेला खुला भाग अवघा ७ मैल. बाकीच्या ठिकाणी वर्णाचा उल्लेखही नसे. ‘फक्त गावच्या रहिवाशांसाठी’, ‘फक्त सभासदांसाठी’ एवढेच लिहिलेले असे. आणि त्या गावांत घर घेणे कुणाला परवडे, कुणाला घर विकले जाई, हे सर्वांना ठाऊक होते.

१५/ हार्टफर्ड शहरातील नेड कॉल या गोऱ्या तरुणाने १९६४ मध्ये एक सेवाभावी संघटना काढली होती. तिच्याकडून त्याने एक अगदी साधी गोष्ट केली: बस भाड्याने घेतली. शहराच्या उत्तर भागातील कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांना तिच्यात बसवून १९७१ च्या उन्हाळ्यापासून तो त्यांना या बंद किनाऱ्यांवर नेऊ लागला. दारे लावली गेली, आया मुलांना घेऊन पाण्याबाहेर पडल्या. १९७४ साली मॅडिसन येथील एका खासगी क्लबापुढे त्याने मुलांना होड्यांतून थेट ओल्या वाळूवर उतरवले. भरतीरेषेच्या समुद्राकडची ती वाळू कुणाची, हे कायद्याने आधीच ठरलेले होते.

कॉल यांच्या पद्धतीवर टीका झाली; मुलांचा वापर होतो असेही म्हटले गेले. परंतु हक्काला वाहनाची जोड लागते, हे ज्यांना फार लवकर उमगले त्यांत त्यांची गणना करावी लागते.

१६/ आता पुन्हा कॅलिफोर्नियात येऊ. १९६० च्या दशकात सोनोमा परगण्यात ‘सी रँच’ ही वसाहत आखली गेली आणि सुमारे १० मैलांचा किनारा जनतेच्या हातून जाण्याची चिन्हे दिसू लागली. लोक खवळले. १९७२ साली जनतेने थेट मतदानाने ‘प्रस्ताव २०’ संमत करून किनाऱ्यावर देखरेख ठेवणारा आयोग स्थापन केला. १९७६ च्या किनारा कायद्याने तो कायम झाला. किनाऱ्यावर जाण्याची जास्तीत जास्त संधी सर्वांना मिळावी आणि स्वस्त सोयी जपाव्यात, हे त्या कायद्यात लिहिले आहे.

१७/ या आयोगाचे काम कसे चाले? किनाऱ्यालगत बांधकाम करायचे तर परवाना हवा. परवान्याच्या बदल्यात मालकाने जनतेसाठी वाट सोडायची. मालिबूच्या कार्बन बीचवर एका धनाढ्याने १९८३ मध्ये अशी वाट देण्याचे कबूल केले. प्रत्यक्षात फाटक उघडले २००५ साली, म्हणजे २२ वर्षांनी. त्या फाटकातून वाळूवर जायला काही पावले पुरतात.

आज कॅलिफोर्नियाच्या सुमारे १,१०० मैलांच्या किनाऱ्यावर कुणाला वर्णावरून अटक होत नाही. पण २०१७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी मतदारांची पाहणी केली, तेव्हा ६२ टक्के लोकांनी किनाऱ्यापर्यंत पोचणे ही अडचण असल्याचे सांगितले. कारणे तीच ती: गाडी लावायला परवडणारी जागा नाही, मुक्काम महाग, बस नाही.

१८/ आणि समजा, पोचलो. पुढे काय? पाणी समोर आहे, पण पोहता येत नाही.

हेही इतिहासाचेच देणे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो सार्वजनिक जलतरण तलाव बांधले गेले आणि त्यांतून कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्यात आले. न्यायालयांनी भेद मोडल्यावर कित्येक शहरांनी तलाव सर्वांसाठी खुले करण्याऐवजी बंदच केले. जे पोहायला शिकले नाहीत त्यांनी मुलांना पाण्यापासून लांब ठेवले. भीती वारशाने उतरली. २०१७ च्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार ६४ टक्के कृष्णवर्णीय आणि ४५ टक्के लॅटिनो मुलांना पोहता येत नव्हते किंवा जेमतेम येत होते. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ४० टक्के.

१९/ येथे महाविद्यालयाचा संबंध येतो. अमेरिकेतील काही नामांकित विद्यापीठांत पोहण्याची परीक्षा दिल्याशिवाय पदवी मिळत नाही. एमआयटीत १०० यार्ड पोहावे लागते. कॉर्नेलमध्ये ७५ यार्ड. ज्याला येत नाही त्याला विद्यापीठ शिकवते. म्हणजे पोहणे हे सुशिक्षित माणसाच्या अंगी असावे, असे या संस्थांनी कधीच मान्य केले आहे. ज्यांना घरच्या तलावात किंवा उन्हाळी शिबिरात ही संधी मिळाली नाही, अशी मुले मात्र बहुतांशी सरकारी व स्थानिक महाविद्यालयांत शिकतात. आणि तेथे अशी सक्ती क्वचित, सोयही क्वचित.

२०/ हे चित्र मोंटेरे उपसागराकाठी सहज दिसते. तेथील फोर्ट ऑर्ड ही १९१७ पासूनची लष्करी छावणी १९९४ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी त्या जागेत राज्य विद्यापीठाचे एक नवे महाविद्यालय सुरू झाले. सैनिक जेथे नेमबाजीचा सराव करीत ते वाळूचे डोंगर २००९ साली जनतेला खुले झाले. पंधरा-वीस किलोमीटर आत सलीनास आहे: मैलोन्मैल लेट्यूसची शेते आणि त्यांत राबणारी मेक्सिकन वंशाची कुटुंबे. शेतमजुराला रविवारीही सुट्टी असेलच असे नाही. समुद्रावरून येणारे धुके रोज सकाळी त्यांच्या शेतावर उतरते. समुद्राची भेट मात्र अनेकांना दुर्मीळ.

२१/ म्हणून गेल्या काही दशकांत किनाऱ्यालगतच्या विद्यापीठांत आणि सेवाभावी संस्थांत एक नवी पद्धत रुजली. घराण्यात प्रथमच महाविद्यालयात आलेल्या, अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना एकत्र करून समुद्रावर नेणे. कॅलिफोर्नियाचा किनारा आयोगही त्याला हातभार लावतो. देवमाशाच्या शेपटीचे चित्र असलेली मोटारीची खास नंबरप्लेट राज्यात जादा पैसे भरून मिळते; तिच्या उत्पन्नातून अशा उपक्रमांना अनुदान दिले जाते.

२२/ हे काम बाहेरून सोपे वाटते. त्याचा तपशील पाहावा. वाहन हवे, आणि ते फुकट हवे. तेथील पाणी उन्हाळ्यातही थंडगार, म्हणून अंगाला चिकटून ऊब धरणारा वेटसूट हवा. तो सर्व मापांचा हवा, नाहीतर जाड मुलगा किंवा ठेंगणी मुलगी काठावरच बसते. कयाक, वल्ही, जीवरक्षक जाकिटे हवीत. आधी तलावात चार दिवस सराव हवा.

मग समुद्राचे प्राथमिक पाठ: भरती-ओहोटीचे वेळापत्रक वाचणे, लाटेकडे पाठ न करणे, पाण्याच्या ओढीने आत खेचले गेल्यास तिच्याशी न झगडता आधी किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडणे. ही माहिती किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला आजोबांकडून मिळते. बाकीच्यांना ती कुणीतरी द्यावी लागते.

२३/ आणखी एक गोष्ट, जी अनुदानाच्या अर्जात मावत नाही: शिकवणारा कोण? पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या मुलीला, समोर आपल्यासारखीच दिसणारी, आपल्याच भाषेत बोलणारी मार्गदर्शक भेटली तर निम्मी भीती काठावरच गळून पडते. निक गाबाल्डोनची आठवण आज केवळ दुःखापोटी काढली जात नाही. दर जूनमध्ये सँटा मोनिकाला त्याच्या नावाने दिवस साजरा होतो आणि शहरातील मुलांना फुकट सर्फिंग शिकवले जाते. ज्या तुकड्याला कुचेष्टेने दौत म्हटले गेले, तेथेच.

२४/ कुणी म्हणेल, शुल्क, वसतिगृह, नोकरी हे प्रश्न समोर असताना समुद्रावरची मौज कशाला? आक्षेप रास्त आहे. गरिबाच्या पोराला बस आधी वर्गापर्यंत हवी, मग किनाऱ्यापर्यंत. पण त्याला दोन उत्तरे आहेत.

एक, पाण्याशी ओळख नसणे जिवावर बेतते. दोन, सागरी जीवशास्त्र, मत्स्यव्यवसाय, किनारा-नियोजन यांतील वाटा होडीत बसण्याच्या सवयीतून सुरू होतात. ज्याने किनारा पाहिलाच नाही, तो किनाऱ्याविषयीच्या जाहीर सुनावणीत उभा राहून बोलणार नाही; आणि जो बोलत नाही, त्याच्या वाट्याची वाट कुणीतरी पुन्हा बंद करतो.

२५/ ब्रूस कुटुंबाचे पुढे काय झाले? ज्यांची जमीन गेली, ते विला आणि चार्ल्स न्याय न पाहताच गेले. जमीन नगरपालिकेकडून राज्याकडे, राज्याकडून परगण्याकडे गेली. जीवरक्षकांच्या प्रशिक्षणाची कचेरी तेथे उभी राहिली. २०२१ साली कॅलिफोर्नियाने खास कायदा करून जमीन परत देण्याचा मार्ग मोकळा केला. २०२२ मध्ये ती वारसांच्या नावे झाली. जानेवारी २०२३ मध्ये वारसांनी ती सुमारे २ कोटी डॉलरना परगण्यालाच विकण्याचा निर्णय घेतला.

२६/ या व्यवहाराने एका कुटुंबाला उशिरा का होईना, मोबदला मिळाला. पण ब्रूस यांच्या उपाहारगृहात रविवारी येणाऱ्या त्या शेकडो कुटुंबांचे काय? पोहायला न शिकलेली त्यांची मुले, नातवंडे, पणतवंडे यांचा मोबदला कुठल्याही खरेदीखतात नमूद नाही. महाविद्यालयातून निघणारी ती बस, तो उसना वेटसूट, तलावातले ते चार दिवस हाच त्याचा लहानसा, हप्त्याहप्त्याने फेडला जाणारा भाग आहे.

२७/ शेवटी आपल्याकडे एक नजर. मराठवाडा-विदर्भातील कितीतरी विद्यार्थी महाविद्यालयाच्या सहलीतच प्रथम समुद्र पाहतात. घोटाभर पाण्यात उभे राहून छायाचित्र काढतात आणि बस सुटायच्या वेळी परततात. भरती कधी, ओढ कशी ओळखावी, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते; बुडण्याच्या बातम्या मग दर सुट्टीत येतात. तुमच्या महाविद्यालयाची सहल कोकणात जाणार असेल, तर प्राध्यापकांना एवढे विचारा: निघण्यापूर्वी तलावात एक दिवस आणि किनाऱ्यावर गावच्या कोळ्याकडून एक तासाचा पाठ ठेवता येईल का?

२८/ एलिझाबेथ कॅटली १९ वर्षांची होती. निक गाबाल्डोन २४ वर्षांचा. दोघेही तुमच्याच वयाचे, दोघेही विद्यार्थी. एकीला समुद्रात उतरल्याबद्दल कोठडी मिळाली, दुसऱ्याला लाटांपर्यंत जाण्यासाठी १२ मैल हाताने पाणी कापावे लागले. दोघांच्याही काळी समुद्र कायद्याने सर्वांचाच होता.

धागा येथे संपतो. तुम्ही समुद्र प्रथम कधी पाहिला आणि तेथे तुम्हाला कुणी नेले, ते खाली अवश्य लिहा.